एक्सेलमधले विखुरलेले सेल निवडून एकत्र कॉपी कसे करावेत?

दूधवाट

नमस्कार मंडळी,

मी आमच्या गावातील सहकारी दूध संस्थेचे हिशेब पाहतो. संस्थेत ८६ उत्पादक सभासद आहेत आणि बिल दर दहा दिवसांनी निघते, त्यामुळे एका बिलाच्या मुदतीत प्रत्येक सभासदाच्या नावावर सकाळ आणि संध्याकाळ मिळून २० नोंदी येतात. पहिल्या रकान्यात सभासद क्रमांक, सर्वांत वर तारीख व वेळ, आणि मधल्या १,७२० सेलमध्ये त्या त्या वेळचे फॅट, म्हणजे दुधातील स्निग्धांश, अशी माझी एक्सेल शीट आहे. ज्या नमुन्याचे फॅट फारच कमी लागले, किंवा आदल्या दिवसापेक्षा एकदम घसरले, म्हणून तो दुसऱ्यांदा तपासावा लागला, तो सेल मी पिवळ्या रंगाने भरून ठेवतो.

बिलाच्या दिवशी अध्यक्षांना या पिवळ्या नोंदींची यादी द्यावी लागते. या वेळी असे ३७ सेल होते. कंट्रोल की दाबून धरून मी एकेका सेलवर क्लिक करत गेलो. साधारण तिसाव्या सेलच्या आसपास बोट क्षणभर कीवरून सुटले, पुढचा क्लिक पडला आणि आधीची सगळी निवड पुसली गेली. दुसऱ्या खेपेला ३७ च्या ३७ सेल नीट निवडले, पण कॉपीचा आदेश देताच ही क्रिया एकाहून अधिक निवडींवर करता येत नाही, अशा अर्थाची इंग्रजी सूचना आली. शेवटी एकेका रकान्यातले पिवळे सेल वेगवेगळे कॉपी करून दुसऱ्या शीटवर एकाखाली एक चिकटवले आणि त्यांच्यासमोर सभासद क्रमांक हाताने लिहिले.

त्यात चूक झाली. सभासद क्रमांक ४१ ची नोंद ४२ च्या नावावर गेली. ४२ क्रमांकाच्या आजींकडे दोनच गाई आहेत आणि त्यांचे दूध वर्षानुवर्षे चांगले लागते. त्या काठी टेकत संस्थेत आल्या आणि त्यांनी मला एवढेच विचारले की, “बाळा, माझ्या दुधात काय खोट निघाली?” मी त्यांची माफी मागितली व यादी दुरुस्त केली, पण ते मनातून जात नाही. पुढच्या बिलापूर्वी या कामाची खात्रीची पद्धत मला हवी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आकडेमोड

दूधवाट, आपण प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून आधी कारण सांगतो.

कॉपी केलेला मजकूर पेस्ट करताना एक्सेलला तो एका आयताच्या रूपात मांडावा लागतो. निवडलेले तुकडे एकमेकांकडे सरकवून पूर्ण आयत तयार होत असेल, तरच कॉपी होते. बी-४, बी-९ आणि बी-१५ हे तीन सेल एकाच रकान्यात असल्यामुळे ते कॉपी होतात. बी-४, डी-४, बी-९ आणि डी-९ हे चार सेलही होतात, कारण त्यांतून दोन ओळी व दोन रकाने यांचा आयत जुळतो. मात्र बी-४ आणि डी-९ हे दोनच सेल निवडले तर आयत जुळत नाही आणि आपल्याला दिसलेली सूचना येते. कट हा आदेश तर अशा तुटक निवडीवर कधीच चालत नाही.

कॉपी झाली तरी पेस्ट करताना मधली रिकामी जागा गळून पडते, हे लक्षात ठेवावे. बी-४, बी-९ आणि बी-१५ हे पेस्ट झाल्यावर एकाखाली एक, सलग तीन सेलमध्ये येतात. कोणता आकडा चौथ्या ओळीतला होता आणि कोणता पंधराव्या, याची काहीही खूण उरत नाही. आपल्या यादीतली ४१ आणि ४२ ची अदलाबदल इथूनच आली असणार.

आता निवड निसटू नये म्हणून. कंट्रोल दाबून धरण्याऐवजी शिफ्ट आणि एफ-८ या कळा एकदा एकत्र दाबाव्यात, म्हणजे खालच्या पट्टीवर निवडीत भर घालण्याची स्थिती सुरू झाल्याचे दिसते. त्यानंतर साध्या क्लिकनेही सेल निवडीत जमा होत जातात, बोट कशावरही धरून ठेवावे लागत नाही. काम झाले की एस्केप दाबावे. लॅपटॉपवर काही वेळा एफ-एन ही कळही सोबत दाबावी लागते. चुकून निवडलेला सेल कंट्रोल दाबून पुन्हा क्लिक केल्यास निवडीतून निघतो, पण ही सोय नव्या आवृत्त्यांतच आहे. जुन्या आवृत्तीत चुकीचा सेल निवडला गेला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पत्ते आधीच ठाऊक असतील तर आणखी एक मार्ग आहे. सूत्रपट्टीच्या डाव्या टोकाला सेलचा पत्ता दाखवणारी जी छोटी चौकट असते, तिच्यात बी-४, डी-९, एच-३० असे पत्ते, अर्थात मधल्या रेघेशिवाय आणि स्वल्पविराम देऊन, लिहून एंटर दाबले की ते सर्व सेल एकदम निवडले जातात.

सोनचाफा

मी शाळेत शिकवते आणि गुणपत्रकांच्या निमित्ताने हीच अडचण मला दर सहामाहीला येते. रंगीत सेल निवडण्यासाठी एकेक क्लिक करण्याची गरज नाही, दादा. आधी फॅटच्या नोंदींचा सगळा पट्टा निवडावा, मग कंट्रोल आणि एफ दाबून शोधण्याची चौकट उघडावी. तिच्यातील ऑप्शन्समध्ये जाऊन फॉरमॅटमधून तोच पिवळा रंग द्यावा आणि शोधायच्या मजकुराची जागा रिकामी ठेवून फाइंड ऑल करावे. खाली सापडलेल्या सेलची यादी येते. त्या यादीवर एकदा क्लिक करून कंट्रोल आणि ए दाबले की शीटवरचे सगळे पिवळे सेल एकाच वेळी निवडले जातात.

मात्र रंग हाताने भरलेला असला पाहिजे. कंडिशनल फॉरमॅटिंगने आपोआप आलेला रंग या शोधात सापडत नाही.

दूधवाट

सोनचाफा ताई, मनापासून धन्यवाद. आत्ताच करून पाहिले. पहिल्या वेळी ३८ सेल सापडले. बारकाईने पाहिल्यावर कळले की, पट्टा न निवडता शोध घेतल्यामुळे माथ्यावरचा एक पिवळा सेलही त्यात आला होता. पट्टा निवडून शोधले तेव्हा बरोबर ३७ आले. अर्ध्या तासाचे काम अर्ध्या मिनिटात झाले.

पण कॉपी म्हटले की तीच सूचना पुन्हा येते. आकडेमोड साहेबांनी कारण सांगितल्यामुळे आता आश्चर्य वाटत नाही, तरी अडचण तशीच आहे. ऑफिस क्लिपबोर्डवर एकेक सेल साठवून नंतर सगळे एकदम पेस्ट करता येतात, असे एका मित्राने सुचवले आहे. तसे करावे का?

आकडेमोड

करू नये. त्या क्लिपबोर्डवर २४ वस्तूच राहतात. पंचविसावी कॉपी केली की सर्वांत जुनी निघून जाते, आणि आपले सेल ३७ आहेत. शिवाय सभासद क्रमांक त्यातही सोबत येणार नाही.

कृष्णाकाठ

मला या प्रश्नाकडे थोडे वेगळ्या बाजूने पाहावेसे वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या शीटमधल्या एका सेलमध्ये ३.१ हा आकडा आहे, असे समजू. तो कुणाच्या दुधाचा आहे हे डावीकडच्या टोकाला लिहिले आहे, आणि कोणत्या वेळचा आहे हे वरच्या ओळीत. सेलमध्ये या दोहोंपैकी काहीच नाही. म्हणून तो सेल एकटा उचलून दुसरीकडे नेला की ३.१ एवढाच कोरडा आकडा हाती उरतो. एक्सेलने उद्या विखुरलेले सेल कॉपी करण्याची मुभा दिली, तरी ४१ आणि ४२ चा घोटाळा पुन्हा होऊ शकतो. आपल्याला सभासद, वेळ आणि फॅट या तिन्ही गोष्टी एकत्र हलवायच्या आहेत, आणि पद्धतही ते करणारीच असायला हवी.

विखुरलेली निवड कॉपी होत नसली तरी ती भरता येते, याचा इथे उपयोग होतो. निवडलेल्या सगळ्या सेलमध्ये एकच मजकूर घालायचा असेल, तर तो टाइप करून नुसते एंटर न दाबता कंट्रोल आणि एंटर दाबावे. सगळे सेल एकाच वेळी भरतात, मग ते शीटभर कुठेही विखुरलेले असोत.

आता कामाचा क्रम असा ठेवावा. कंट्रोल दाबून शीटचे नाव शेजारी ओढल्यास तिची प्रत तयार होते. मूळ शीटला हात न लावता या प्रतीवर सोनचाफा ताईंनी सांगितल्याप्रमाणे पिवळे सेल निवडावेत, शोधाची चौकट बंद करावी, आणि “पु” हे अक्षर, म्हणजे पुनर्तपासणी, टाइप करून कंट्रोल आणि एंटर दाबावे. प्रतीवर आता ३७ ठिकाणी “पु” आहे. आधी ही माहिती फक्त रंगात होती, आता ती अक्षरात उतरली आहे, आणि अक्षरे सूत्रांना वाचता येतात.

त्यानंतर प्रतीचा सगळा तक्ता निवडून डेटा या विभागातून फ्रॉम टेबल हा आदेश द्यावा. पॉवर क्वेरीची, म्हणजे तक्त्याची मांडणी बदलण्याच्या सोयीची, खिडकी उघडेल. ही सोय एक्सेल २०१६ पासून आतच मिळते. तिथे सभासद क्रमांकाचा रकाना निवडून त्याच्या माथ्यावर उजवे क्लिक करावे आणि अनपिव्हट अदर कॉलम्स निवडावे. वीस रकान्यांत आडवा पसरलेला तक्ता मिटून उभी यादी तयार होते, जिच्या प्रत्येक ओळीत सभासद क्रमांक, तारीख-वेळ आणि नोंद असे तीनच रकाने असतात. रिकामे सेल या यादीत येत नाहीत, त्यामुळे ज्या वेळी एखाद्याने दूध घातलेच नाही ती वेळ आपोआप वगळली जाते. शेवटच्या रकान्यावर गाळणी (फिल्टर) लावून फक्त “पु” ठेवावे आणि क्लोज अँड लोड करावे. नव्या शीटवर ३७ ओळी येतील, प्रत्येकीत सभासद आणि वेळ एकमेकांना धरून.

आता राहिले फॅट. ते मूळ शीटमधून इंडेक्स आणि मॅच या फंक्शनांनी आणावे. इंडेक्सला मूळ शीटचा बी-२ ते यू-८७ हा पट्टा द्यावा. ओळ कोणती हे कळण्यासाठी सभासद क्रमांक ए रकान्यात मॅचने शोधावा, आणि रकाना कोणता हे कळण्यासाठी तारीख-वेळ पहिल्या ओळीत शोधावी. दोन्ही मॅचच्या शेवटी शून्य लिहायला विसरू नये, नाहीतर तंतोतंत जुळणीऐवजी जवळपासची जुळणी शोधली जाते आणि चुकीचा आकडा खऱ्यासारखा समोर येतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच तपासावी. माथ्यावर नुसती तारीख लिहिली असेल तर एक्सेल तिला तारीख मानते, पण तक्त्याच्या माथ्यावर गेल्यावर तिचा मजकूर होतो, आणि मग मॅचला दोन्ही एकच आहेत हे ओळखता येत नाही. म्हणून मूळ शीटवरच “११-स” आणि “११-सं” अशी, सकाळ व संध्याकाळ दाखवणारी मजकुराची शीर्षके द्यावीत.

मुक्तछंद

ज्यांच्याकडे एक्सेल नाही त्यांच्यासाठी भर घालतो. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही कंट्रोल दाबून तुटक निवड करता येते, शिफ्ट आणि एफ-८ तिथेही चालते, आणि कॉपीवरचे बंधनही तसेच आहे.

गुगल शीट्समध्ये मात्र उभी यादी एकाच सूत्रात होते. सभासद क्रमांक, उभी रेघ, शीर्षक, उभी रेघ आणि फॅट असे तिन्ही पट्टे अँपरसँड (&) या चिन्हाने सांधावेत, फ्लॅटन या फंक्शनने ते एकाखाली एक आणावेत, स्प्लिट या फंक्शनने उभ्या रेघेपाशी पुन्हा तीन रकान्यांत तोडावेत आणि बाहेरून ॲरेफॉर्म्युला लावावा. मूळ शीटमधला आकडा बदलला की यादीही लगेच बदलते. यात रिकाम्या वेळांच्याही ओळी येतात, त्या गाळून टाकाव्या लागतात.

आकडेमोड

कृष्णाकाठ यांचे म्हणणे मला पटते. सेलला त्याचे शीर्षक सोबत असलेच पाहिजे. तरीही ज्यांना हे काम वर्षातून एकदाच करायचे आहे त्यांना पॉवर क्वेरीचा पसारा जड वाटेल, म्हणून एक लहान मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून ठरावीक कामे क्रमाने करून घेणारा छोटा प्रोग्राम, सुचवतो. मॅक्रोने निवडीतल्या प्रत्येक सेलवर क्रमाने जावे, त्याच ओळीतला पहिल्या रकान्यातला क्रमांक, त्याच रकान्याच्या माथ्यावरचे शीर्षक आणि सेलमधला आकडा अशा तीन गोष्टी वाचाव्यात आणि दुसऱ्या शीटच्या पुढच्या रिकाम्या ओळीत लिहाव्यात. दहा-बारा ओळींत हे बसते. क्लिपबोर्डचा इथे संबंधच येत नाही, त्यामुळे आयताची अटही राहत नाही.

मात्र मॅक्रो चालवल्यानंतर पूर्ववत करण्याची सोय मिळत नाही, म्हणून आधी फाइल जतन करावी. मॅक्रोसह ठेवायची फाइल नेहमीच्या एक्सएलएसएक्स प्रकारात न ठेवता एक्सएलएसएमसारख्या मॅक्रो सामावणाऱ्या प्रकारात जतन करावी लागते.

कृष्णाकाठ

मॅक्रो योग्यच आहे. माझी शंका इतकीच की, दूधवाट यांच्या जागी उद्या दुसरे कुणी बसले तर त्या व्यक्तीला तो दुरुस्त करता येईल का? पॉवर क्वेरीत प्रत्येक पायरी उजव्या बाजूला नावासह लिहिलेली दिसते, त्यामुळे मागून येणाऱ्यालाही काय केले आहे ते वाचता येते.

आकडेमोड

हा मुद्दा मान्य आहे. संस्थेच्या कामासाठी आपली पद्धत अधिक बरी.

सोनचाफा

गाळणी लावलेल्या यादीविषयी एक सावधगिरी सांगते, कारण यात माझ्या एका वर्गाचे गुण एकदा चुकले होते. गाळणी लावलेल्या यादीतून कॉपी करताना फक्त दिसणाऱ्या ओळी कॉपी होतात, पण हाताने लपवलेल्या ओळी असतील तर त्याही नकळत सोबत येतात. तिथे आल्ट आणि अर्धविराम दाबून आधी फक्त दिसणारे सेल निवडावेत आणि मग कॉपी करावी. याच्या उलट, गाळलेल्या यादीत बाहेरचा सलग मजकूर पेस्ट केला तर तो मधल्या न दिसणाऱ्या ओळींतही भरला जातो. गाळणी काढेपर्यंत हे कळत नाही. तोपर्यंत खालचे आकडे पुसलेले असतात.

म्हणून कॉपीपूर्वी आणि पेस्टनंतर खालच्या पट्टीवर दिसणारी सेलची संख्या आणि बेरीज कागदावर टिपून ठेवावी. दोन्ही जुळल्याशिवाय मी फाइल बंद करत नाही.

दूधवाट

मंडळी, काल रात्री बसून कृष्णाकाठ साहेबांच्या पद्धतीने काम पुरे केले. जिथे अडलो ते लिहितो, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

माझ्या शीटवर एक तारीख दोन रकान्यांवर मिळून लिहिलेली होती आणि तिच्याखाली दुसऱ्या ओळीत सकाळ, संध्याकाळ असे शब्द होते. तक्ता करताना ते जोडलेले सेल सुटे झाले आणि निम्म्या रकान्यांना एक्सेलने स्वतःच कॉलम१, कॉलम२ अशी नावे दिली. उभ्या यादीत तीच नावे उतरली, तेव्हा काही कळेना. मग मूळ शीटवरचे जोडलेले सेल काढून टाकले, दोन ओळींचा माथा एका ओळीत आणला आणि सगळीकडे “११-स”, “११-सं” अशी शीर्षके लिहिली. पुन्हा प्रत काढून सगळ्या पायऱ्या केल्या आणि ३७ ओळी आल्या.

सोनचाफा ताईंनी सांगितल्याप्रमाणे मूळ शीटवर पिवळे सेल निवडून खालच्या पट्टीवरची संख्या आणि बेरीज टिपली, मग नव्या यादीतला फॅटचा रकाना निवडून पाहिला. संख्या ३७ आणि बेरीजही तीच. त्यानंतर सभासद क्रमांक ४१ आणि ४२ मुद्दाम शोधले. ४१ च्या नावावर दोन नोंदी आहेत, ४२ च्या नावावर एकही नाही.

एक शंका राहते. दर दहा दिवसांनी हे सगळे पहिल्यापासून करावे लागेल का?

कृष्णाकाठ

पॉवर क्वेरीच्या पायऱ्या फाइलमध्ये जतन राहतात. पुढच्या वेळी त्याच तक्त्यात नवे आकडे आणि “पु” भरून रिफ्रेश केले की यादी नव्याने तयार होते.

पण माझी विनंती आहे की पुढच्या मुदतीपासून नोंदवहीच उभी ठेवावी. प्रत्येक नमुन्याला एक ओळ द्यावी आणि तिच्यात तारीख, वेळ, सभासद क्रमांक, फॅट, एसएनएफ (दुधातील स्निग्धांशाव्यतिरिक्तचे घन घटक) आणि शेवटी पुनर्तपासणीचा रकाना ठेवावा. दुसऱ्यांदा नमुना घेतला की त्या रकान्यात “पु” लिहावे. १,७२० ओळी एक्सेलला काहीच नाहीत, एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात. पाहण्यासाठी जो आडवा तक्ता आपल्याला सोयीचा वाटतो, तो या यादीवरून पिव्हट टेबलने केव्हाही काढता येतो. मग विखुरलेले सेल निवडण्याचा प्रसंगच येणार नाही, रकान्यावर गाळणी लावली की यादी समोर असेल.

दूधवाट

नोंदवही उभी करायला घेतली आहे. संकलन यंत्रातून जी फाइल मिळते ती मुळात अशीच एका नमुन्याला एक ओळ या रूपात असते, ती आडवी मीच करत होतो, हे आत्ता ध्यानात आले. पुढच्या मुदतीच्या नोंदी तिच्यातून थेट घेतो आणि बिलाच्या दिवशी काय झाले ते इथेच कळवतो.